काशीला वाचून दाखव

पालेगाव, ११ जानेवारी

दादूस,

छापील कागद बघून वकिलाची नोटीस समजशील, म्हणून आधीच सांगतो. पत्र माझं आहे. जनूचं. टाइपही मीच केलंय, दोन बोटांनी.

फोन करून बघितले. तुझ्याकडे रिंग शेवटपर्यंत वाजते आणि आपोआप मरते. कापलेल्या रिंगचा आवाज वेगळा असतो, मला कळतो. तू कापतसुद्धा नाहीस, फोनकडे बघत बसतोस. म्हणून पोस्टानं पाठवतोय. अंबरनाथच्या पोस्टातली बाई म्हणाली, "बदलापूरला? अहो, रिक्षानं नेऊन दिलंत तर आत्ता पोचेल." मी म्हटलं, "पोचायला पोचेल हो मॅडम, दार उघडायला नको का?"

तर बातमी अशी की मी कॉम्प्युटरचा क्लास लावलाय. हसून घे. उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, साड्यांच्या दुकानावर पहिला मजला. अंबरनाथला क्लास नाहीत असं नाही, पण तिथे प्रत्येक जिन्यात कोणी ना कोणी अडवणार, "जनूशेठ, तुम्ही इकडे कुठे?" आणि संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा. उल्हासनगरवाले मला मंडपवाला, साउंडवाला म्हणून ओळखतात. वही काखेत मारून जिना चढणारा जनू त्यांनी बघितलेला नाही.

क्लासचा मालक वयस्कर सिंधी. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "साईं, इस उमर में नौकरी करोगे?"

"कोटेशन बनाना है."

"तो कोई पढालिखा आदमी रख लो."

"रखा था, साईं. अभी वो मेरे सामने खुद का कोटेशन देता है."

इतका हसला की त्यानं स्वतः खुर्ची पुसून दिली.

शिकवणारी ऋता मॅडम तुमच्या बदलापूरची, आपल्या उन्नतीच्या वयाची. बाकी सगळ्या पोरी सरकारी टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्या. त्यांचे कीबोर्ड एकदम सुरू झाले की परातीत तांदूळ ओतल्यासारखा आवाज होतो. मध्येच माझं बोट टक् करतं. तांदळातला खडा.

आतापर्यंत नवी फाइल उघडणं, अक्षर मोठं करणं, जाड करणं, ओळ मधोमध आणणं आणि सेव्ह करणं एवढं येतं. सेव्ह कसा शिकलो ते ऐक. पान लिहिलं आणि बंद करायला गेलो. मध्ये एक चौकट आली, काहीतरी विचारत होती, मी घाईत 'नको' दाबलं. पान गेलं. दादूस, मी दिसेल ती कळ दाबून बघितली. पान परत आलं नाही. ऋता मॅडम म्हणाली, "अहो काका, एक कोटेशनच तर गेलं. परत करा." तिला काय सांगू?

तुलाही काही सांगायचं नाहीये. घसा बसलाय जरा, थंडीनं. गावात मॅचेस चालू आहेत, यंदा कॉमेंट्रीचा माइक दुसऱ्याला दिलाय. त्याला 'अप्रतिम' सोडून दुसरा शब्द येत नाही. मी मंडपामागे बसून ऐकतो आणि दात खातो.

आणि हे माफीचं पत्र समजू नकोस. उन्नतीच्या हळदीत दहा वाजून गेले होते, पोलीस स्पीकरला हात लावून उभा होता, मी मेन वायर काढली. धवलारीण हळदीचं गाणं गात होती, ते अर्ध्यात तुटलं, व्याह्यांसमोर तुझी मान खाली गेली, सगळं खरं. पण सामान जप्त झालं असतं ते माझं. आजही तेच करीन. तू म्हणालास, "आजपासून आपलं बोलणं बंद." बरं, बंद. लिहिणं बंद असं तू म्हणाला नव्हतास.

सराव म्हणून लिहिलं. उत्तर नको.

जनू


पालेगाव, २४ जानेवारी

दादूस,

उत्तर नको म्हटलं तर खरंच दिलं नाहीस.

काल एक प्रकार झाला. मी क्लासमध्ये एक तक्ता केला होता. वर्डमध्ये टेबल म्हणतात. आडवे-उभे रकाने, काळी चौकट, प्रत्येक घरात मधोमध एक शब्द. अक्षर एवढं मोठं की पलंगाच्या पायथ्याशी उभा असलेला माणूस वाचेल. फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि प्रिंट काढायला अंबरनाथला झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्यानं ती उघडली आणि माझ्याकडे बघत राहिला.

"शेठ, ही कुठली भाषा?"

चौकटी जागच्या जागी होत्या. अक्षरं तेवढीच मोठी, तेवढीच जाड. पण मराठी नव्हती. इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, टिंबं, कसल्याकसल्या खुणा. वेड्यानं बडबडावं तसं. काउंटर धरून उभा राहिलो. त्यानं स्टूल दिलं, पाणी दिलं, "शेठ, शुगर आहे का?" म्हणून विचारलं.

रिक्षा करून तसाच क्लासला गेलो. ऋता मॅडमनं फाइल उघडली, तर तिथे सगळं मराठी, जसंच्या तसं.

"काका, हा परीक्षेचा जुना फॉन्ट आहे. आपल्या कॉम्प्युटरमध्ये टाकलेला आहे म्हणून दिसतो. दुसरीकडे नसेल तर असाच कचरा दिसणार. सगळीकडे वाचता यायला हवं तर युनिकोडमध्ये टाइप करायचं. त्याच्या कळा वेगळ्या."

"म्हणजे आजवर शिकलो ते?"

"ते परीक्षेला चालतं."

"मॅडम, मी परीक्षेला बसलेलो नाही."

"मग नव्यानं शिकू. घाई काय आहे?"

तेव्हा मी तिला म्हटलं, तो तक्ता वाचा. तिनं वाचला. पाणी. दुखतंय. श्वास अडकतोय. नळी साफ करा. पंखा बंद. डॉक्टरना बोलवा. काशी कुठे आहे. तिनं फाइल सेव्ह केली. मग हळू म्हणाली, "उद्यापासून बाकीच्यांच्या आधी येत जा. मी उघडते क्लास."

आता तूही ओळखलं असशील. घसा थंडीनं बसलेला नाही.

आवाज बिघडतोय हे मला दिवाळीतच कळलं होतं, डॉक्टरांच्या आधी. स्पीकरचा कोन फाटला तरी आवाज येत राहतो, फक्त कडेनं हवा फुसफुसते. लोकांना कळत नाही, मला कळतं. माझ्या 'अंबरनाथ'मधला 'अं' तसा यायला लागला. मध खाल्ला, हळदीचं दूध प्यालो, बिडी सोडली. शेवटी मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात गेलो. घशात दुर्बीण घातली, तुकडा काढला. रिपोर्ट सांगताना डॉक्टरांचा आवाज जरासा खाली आला. शब्द ऐकायच्या आधी मी तो उतार ऐकला. आवाजाची पेटी काढायची. सगळी. गळ्याला भोक पाडणार, श्वास तिथून. "पुढे बोलण्याचे दुसरे उपाय असतात," म्हणाले, "व्हॉल्व्ह बसवता येतो. सराव लागतो. काहींना छान जमतं." 'काहींना' हा शब्द त्यांनी पटकन उरकला. म्हणून तोच माझ्या कानात राहिला.

तेरा फेब्रुवारीला ऑपरेशन. काशीला सांगितलंय की गाठ आहे, काढतील, चार दिवसांत घरी. गावात सांगितलंय टॉन्सिल. या वयात टॉन्सिल! आणि गावानं मान्यसुद्धा केलं.

मला भीती वाटते, दादूस. भोंगा सायकलला बांधून, बॅटरी खांद्यावर मारून मी धंदा सुरू केला. माझ्याकडे भांडवल नव्हतं, तोंड होतं. सिंध्याशी सिंधी, यूपीवाल्याशी हिंदी, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या साहेबांशी पुस्तकातली मराठी. ज्याच्या-त्याच्या सुरात बोललो आणि काम घेऊन आलो. ते गेल्यावर जो माणूस घरी येईल तो कोण, मला ठाऊक नाही. सकाळी मोरीत नळ सोडतो आणि हळूच म्हणतो, हॅलो, हॅलो, वन टू थ्री. किती शिल्लक आहे ते बघायला.

जनू


पालेगाव, ५ फेब्रुवारी

दादूस,

काशीला कळलं.

नवा तक्ता युनिकोडमध्ये तयार झाला. झेरॉक्सवाल्याकडे नीट उमटला, मी तो लॅमिनेट करून घरी आणला, भिंतीला टेकवला आणि लांबून बघत होतो. काशी पदराला हात पुसत आली.

"ह्यो कनाचा बोर्ड?"

"ऑपरेशन झाल्यावर थोडे दिवस बोलायचं नाही. त्यासाठी."

"थोडंच दिस?"

मी गप्प राहिलो. तिनं मला आयुष्यात असं गप्प बसलेलं बघितलेलं नाही, त्यामुळे तेवढ्यात तिला सगळं कळलं. खाली बसली. म्हणाली, "मना कवाच कल्लंय. मोरीत नल सोरून बोलताव, त मना आयकाया येत नाय का?" मग नाक पुसून म्हणाली, "येवरी वर्सं तुमी बोललाव, मी आयकलं. आता मी बोलेन. तुमी आयका."

मला वाटलं, सुटलो. इतके दिवस जे पोटात घेऊन फिरत होतो ते बाहेर पडलं. तेवढ्यात तिनं तक्त्यावर बोट ठेवलं.

"इथं काय लिवलंय?"

दादूस, पायथ्यापासून दिसावं म्हणून मी अक्षर मोठं केलं. पायथ्याशी कोण उभं असणार याचा विचारच केला नाही. काशीला वाचता येत नाही. सही शिकली तेवढीच. हे काय मला माहीत नव्हतं? लग्न झाल्या दिवसापासून माहीत आहे. पण तिला काही लिहून सांगायची वेळच कधी आली नाही. लागेल ते बोलत होतो.

ऋता मॅडमनं तक्त्यात चित्रं टाकायला शिकवलं. पेला, पंखा, पांघरूण. काशीनं सगळी ओळखली. डॉक्टरचं चित्र बघून म्हणाली, "ह्यो त लग्नातला फोटोवाला वाटतो." पण चित्रानं पाणी मागता येतं. 'मला आत नेतील तेव्हा दारापर्यंत हात सोडू नकोस' याचं चित्र कुठे मिळतं? मी शोधलं. नाही मिळालं.

कॉम्प्युटर वाचून दाखवतो, तेही करून बघितलं. बाईचा आवाज आहे. 'मला संडासला जायचं आहे' हे ती बातम्या दिल्यासारखं सांगते. काशी उठून आत निघून गेली.

मंडपातली माणसं येतील, चांगली वाचणारी आहेत. पण त्यांनी मला ओरडताना ऐकलंय. रडणं त्यांच्या हातात देणार नाही. आम्हाला मूल नाही, ते तुला सांगायला नको. उन्नती सुरतेला, तिचं बाळ अजून अंगावर पितंय.

राहिलास तू.

आता रागावण्याआधी माझं म्हणणं ऐक. अबोला मोड असं मी म्हणतच नाही. नथूकाकाच्या बाराव्याला आपण दोघं एकाच पंगतीत वाढत होतो. मी हातभर अंतरावर. तू काशीकडे तोंड करून म्हणालास, "त्याला सांग, वरण इकडं आण." मी काशीला म्हटलं, "त्यांना सांग, आणतोय." पंगत उठली, सगळे जेवून गेले. आपण बोललो असं गावात कोणी म्हटलं नाही. तसंच हे. मी टाइप करणार, तू काशीला वाचून दाखवणार. माझ्याशी एक शब्द बोलू नकोस. माझ्याकडे बघूही नकोस, स्क्रीनकडे बघ. आई होती तेव्हा तिला पेपर तूच वाचून दाखवायचास, काशी भाकऱ्या करता करता ऐकायची. तुझ्या तोंडून तिला परकं वाटणार नाही.

बाराला भरती व्हायचंय, तेराला सकाळी आत नेतील. हॉस्पिटलचा पत्ता पाठीमागे टाइप केलाय, उजवीकडे सरकवून, पाकिटावर लिहितात तसा. आलास तर बरं होईल. नाही आलास तर

हे वाक्य पुढे लिहून बघितलं. प्रत्येक वेळी धमकी दिल्यासारखं वाटलं. म्हणून अर्धंच ठेवतोय.

जनू


मुंबई, हॉस्पिटलमधून, १२ फेब्रुवारी

दादूस,

तू बाहेर बाकावर बसलायस.

तू आलास तेव्हाच कळलं. आधी एक कोरडा खोकला, मग थांबून दोन. पॅसेजमध्ये एवढी माणसं खोकतात, पण थांबून खोकणारा तू एकटाच. काशी उठली होती, "मी बोलवतंव भावजींना." मी तिला बसवलं. यायचं असेल तेव्हा तू येशील.

तोवर तुला एकट्यालाच सांगतो. सकाळी मी पळून चाललो होतो. काशी चहाला गेली होती. शेजारच्या कॉटवर एक गृहस्थ आहेत, त्यांचं हेच ऑपरेशन झालंय. त्यांचा श्वास गळ्यातून येतो. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह सैल झाल्यासारखा आवाज. त्यांना खोकला आला तेव्हा त्यांचं तोंड मिटलेलं होतं. मिटल्या तोंडानं माणूस खोकतो, दादूस. त्यांची मुलगी त्यांच्या ओठांकडे बघून विचारत होती, "गरम होतंय? उशी हवी? आई हवी?" सगळं चुकत होतं. ते पलंगाच्या दांडीवर मूठ आपटत होते. शेवटी तीही रडायला लागली आणि तेही, आणि दोघांत आवाज फक्त तिचा.

मी चप्पल घातली आणि निघालो. म्हटलं, आहे तो फाटका आवाज घेऊन घरी जाऊ. मिळतील तेवढे महिने बोलत बोलत जाऊ. जिन्यातून खाली गेट दिसत होतं, गेटाबाहेर नारळपाणीवाला गिऱ्हाईकाशी भांडत होता. त्याचा हेवा वाटला मला. पण अर्ध्या जिन्यात धाप लागली. घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. डॉक्टरांनी बजावलं होतं, ऑपरेशन लांबवलंत तर पुढे बोलण्याचा प्रश्नच राहणार नाही, श्वासाचाच राहील. कठडा धरून परत वर आलो. शूरपणानं आलो असं कोणाला सांगू नकोस.

काशी माझा हा नवा लॅपटॉप घेऊन बाहेर येईल. इथपर्यंतचं तुझ्यासाठी आहे, मनात वाच. खाली तिच्यासाठी एक ओळ ठेवलीय, मोठ्या अक्षरात. ती तिला वाचून दाखव. आपण सराव करतोय असं समज. मी आतून कान देऊन ऐकतोय.

काशी, माझं घड्याळ दादूसकडे दे आणि खाली जाऊन काहीतरी खाऊन ये. तू सकाळपासून उपाशी आहेस, मला माहीत आहे.


मुंबई, २३ फेब्रुवारी

दादूस,

तू दुपारी बदलापूरला गेलास. कपडे आणायचे होते, वहिनीला तोंड दाखवायचं होतं. "संध्याकाळी येतो," म्हणालास, अर्थात काशीला. तोवर लिहून ठेवतो. नाकात नळी आहे, पण बोटं चालतात.

त्या दिवशी पॅसेजमध्ये तू ती ओळ वाचलीस ती मी ऐकली. लॅपटॉप आत आणून दिलास, काशीला म्हणालास, "त्याला सांग, मोठं अक्षर बरं पडतं." आणि तिला जेवायला घेऊन गेलास. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. झोपलो नव्हतो.

माझ्या आवाजात मी शेवटचं काय बोललो माहीत आहे? ठरवलं होतं खूप. देवीचं नाव घ्यायचं, मग काशीला एक वाक्य, मग तुला एक, अबोला गेला उडत. काशीनं दारापर्यंत हात सोडला नाही. तिथे मला चाकाच्या खुर्चीवरून उतरवलं आणि मी वॉर्डबॉयला विचारलं, "चप्पल इथेच काढू का?" तो म्हणाला, "हां, काढा." दार लागलं. संपलं.

शुद्धीवर आलो तेव्हा मी ओरडलो. म्हणजे छाती भरली, तोंड उघडलं, जीव खाऊन ओरडलो, आणि कुठेच काही वाजलं नाही. मला वाटलं माझे कान गेले. मग शेजारच्या मशीनची टिकटिक ऐकू आली. कान होते. मी नव्हतो. हात हवेत काहीतरी शोधत होते, तेव्हा तू त्यांच्याखाली कीबोर्ड सरकवलास. 'पाणी' लिहायला किती वेळ लागला. तू वाचलंस, "पाणी मागतोय." काशी म्हणाली, "नाय द्याचं, डाक्टर बोललाय." मला इतकं बरं वाटलं. नवरा-बायकोचं बोलणं झालं ना.

आता मुख्य गोष्ट. तुला वाटतं मला कळलं नाही. माझा गळा काढलाय, कान नाही.

मी लिहायचो एक, तू वाचायचास दुसरं. 'नळी साफ करतात तेव्हा बुडाल्यासारखं होतं, त्यांना हळू करायला सांग', हे तू अक्षर न् अक्षर वाचलंस, नर्सशी भांडलासही. पण मी लिहिलं, 'हे पुन्हा उगवलं तर?' तू म्हणालास, "काशी, आज बरं वाटतंय त्याला." मी लिहिलं, 'आरशात बघवत नाही.' तू म्हणालास, "दाढी करायची म्हणतो." आणि काशीनं खरंच न्हावी शोधून आणला! त्या बिचाऱ्यानं माझा गळा बघितला आणि वस्तरा परत पेटीत ठेवला. ऋता मॅडम याला एडिटिंग म्हणते. खोडायचं, बदलायचं, सुटसुटीत करायचं. मी रागावलो नाही. तुला काशीचं तोंड बघवत नव्हतं, ते मला पलंगावरून दिसत होतं.

पण काल सकाळी डॉक्टर येऊन गेले. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट सोमवारी येणार. त्यावर ठरणार, घरी सोडायचं की अजून रेडिएशनचे शेक द्यायचे. ते गेले आणि मी टाइप करायला बसलो. बराच वेळ लिहीत होतो. तू खुर्ची ओढून वाचलंस, मनात. मग काशीकडे वळून म्हणालास, "सोमवारी रिपोर्ट आहे म्हणतो. बाकी ठीक."

ती तुझ्यासाठी मोसंबं सोलत होती. हात थांबले.

"भावजी, येवरा येल टकटक केली, न येवरंच?"

"हो."

"मना वाचाया येत नाय. आयकाया येतं. तुमी रोज ह्याच करताव. त्यांचं वाचा. तुमचं नको."

तू स्क्रीन सोडून माझ्याकडे बघितलंस. आलास तेव्हापासून पहिल्यांदा. मी मान हलवली.

मग वाचलंस. "काशी, मला भीती वाटते. रिपोर्टची वाटते. चांगला आला तर घरी जायची वाटते. लोक भेटायला येतील आणि मी बहिरा झाल्यासारखे माझ्याशी मोठ्यानं बोलतील. कुशीवर झोपायची वाटते, भोकावर उशी येईल म्हणून. आणि तू झोपलीस की तुला हाक मारता येणार नाही, त्याची सगळ्यात जास्त वाटते."

एक शब्द गाळला नाहीस. शेवटच्या ओळीत तू अडखळलास, ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचलीस. आणि म्हणालास, "मना पन."

काशीनं विचारलं, "ह्या त्यांचं का तुमचं?"

तू चष्मा पुसायला लागलास. पुसतच बसलास. तिनं मोसंब्याच्या फोडी तुझ्या हातात ठेवल्या आणि माझ्या पायाशी येऊन बसली. "उशाशी ताट ठेवीन," मला म्हणाली. "वाजवा. मी उठेन."

तू बोललास तेव्हा माझे हात पांघरुणावर होते, दादूस. कीबोर्डला लागलेही नव्हते. काशीला मी हे सांगितलेलं नाही.

फाइल उघडी ठेवून झोपतो. तू येशील तेव्हा काशी इथेच बसलेली असेल, आणि विचारेल, काय लिवलंय. हे मोठ्यानं वाचू नकोस. सोमवारचं मात्र जे असेल ते वाच.

जनू